हात गेला कामाने, पण यादीत नाव नाही

या वेळी टपालात हाताच्या दुखण्याची पत्रं जास्त आहेत. कुणी पॅकिंगला, कुणी कानस मारायला, कुणी माउसवर, पण विचारणं एकच: रोज तेच तेच काम करून हात गेला, तर पैसे कोण देणार?

उत्तरांआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. कामामुळे होणाऱ्या आजारांची कायद्यात एक यादी आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा घ्या किंवा १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा, दोन्हींत ती तिसऱ्या अनुसूचीत सापडते. शिसं, पारा, सिलिकोसिस, गोंगाटाने आलेला बहिरेपणा हे सगळं तिच्यात आहे. मनगटात दाबलेली नस नाही आणि अडकणारं बोटही नाही. यादीत नाव असलेला आजार झाला, की तो कामामुळे झाला असं कायदा धरून चालतो. यादीबाहेरच्या आजाराला भरपाई हवी, तर तो कामावर झालेल्या एखाद्या ठरावीक अपघाती इजेतून थेट आला, हे कामगाराला दाखवावं लागतं. हाताच्या दुखण्याचे बहुतेक दावे इथेच पडतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. आजारांची यादी तिथेही तिसऱ्या अनुसूचीतच आहे. त्या तारखेआधी उभा राहिलेला हक्क मात्र जुन्याच कायद्याने चालतो. खाली नावं आणि कलमं जुनी वापरली आहेत, कारण खिडकीवर अजून तीच बोलली जातात.

रबाळे एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांच्या लाइनवर सहा वर्षं आहे. हाताने झाकण फिरवून बसवायचं काम. वर्षभर रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. गेल्या ऑगस्टमध्ये ट्रे अडकला, तो ओढताना मनगटात कळ आली, हात सुजला. सुपरवायझरने स्प्रे मारला, पण लिहिलं कुठेच नाही. पंधरा दिवसांनी ईएसआय दवाखान्यात गेले आणि "हात दुखतो" एवढंच सांगितलं. रजेचे पैसे आजारपणाच्या दराने आले. अपघाताचे जास्त मिळतात म्हणे? — एक भगिनी, घणसोली

मिळतात. आजारपणाचा लाभ सरासरी पगाराच्या ७० टक्के आणि सलग दोन लाभ कालावधींत (म्हणजे वर्षभरात) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या इजेचा, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के. त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही आणि डॉक्टर जोवर कामाला अयोग्य ठरवतात तोवर तो चालू राहतो. रोजची सरासरी ६०० रुपये धरली तर एकीकडे ४२० आणि दुसरीकडे ५४०.

तुमच्या पत्रात दुखणी दोन आहेत, ती आधी वेगळी करा. रात्रीच्या मुंग्या ही मनगटातल्या नसेची जुनी तक्रार. ऑगस्टची कळ आणि सूज ही एका दिवसाची, एका जागेची इजा. दावा या दुसरीवर उभा राहतो. मुंग्यासुद्धा ऑगस्टलाच सुरू झाल्या असं सांगण्याचा मोह होईल, तो टाळा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा रोडावला असेल, तर ते पंधरा दिवसांत होत नाही हे हाताच्या सर्जनला बघताक्षणी कळतं. एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या इजेवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आधीचं दुखणं त्या झटक्याने वाढलं असं डॉक्टरांचं मत असेल, तर मात्र ते तसं स्पष्ट लिहून घ्या. तो मुद्दा खरा आहे आणि चालतोही.

लिहिलं नाही म्हणून धीर सोडू नका. ईएसआयच्या नियमांत इजेची खबर तोंडी दिली तरी चालते. सुपरवायझरला कळलं होतं आणि स्प्रे त्याने स्वतः मारला, म्हणजे खबर पोहोचली होती. पुढचं काम कंपनीचं: अपघात नोंदवहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये नोंद करायची आणि फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखेला व दवाखान्याला पाठवायचा. हे झालेलं नाही. म्हणून आता तुम्ही कंपनीला एक पानाचं पत्र द्या. त्यात तारीख, पाळी, अंदाजे वेळ, लाइन नंबर, काय अडकलं, कोणत्या हाताने ओढलं, कुणाला सांगितलं, बाजूला कोण होतं, हे सगळं येऊ द्या. आवक शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे ठेवा. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत आयपी नंबर (तुमचा विमेदार क्रमांक) घालून ईएसआय शाखेत द्या आणि फॉर्म १२ मागवण्याची विनंती करा. त्या दिवशी तुम्ही कामावर होता हे हजेरीवरून दिसतं. कामाच्या वेळेत झालेला अपघात कामातूनच उद्भवला, असं ईएसआय कायद्याचं कलम ५१-अ धरून चालतं. उलटा पुरावा नसेल तर हे कलम तुमच्या बाजूने आहे.

तुमच्या प्रकरणातली खरी गोची केसपेपरवरच्या दोन शब्दांची आहे. "हात दुखतो" असं म्हटलं की डॉक्टर तेवढंच लिहितात, मागे पन्नास माणसं उभी असतात. पुढच्या खेपेला एका चिठ्ठीवर लिहून न्या: मिनिटाला सुमारे किती झाकणं, पाळीत किती तास, कोणता हात, कुठली बोटं. मिनिटाला ३० झाकणं आणि प्रत्यक्ष सात तास काम धरलं तर एका पाळीत १२,६०० वेळा मनगट फिरतं. "झाकण बसवते" या शब्दांपेक्षा हा आकडा बोलका आहे. साप्ताहिक सुट्टीला आराम पडतो का आणि कामावर परतल्यावर कितव्या दिवशी पुन्हा सुरू होतं, हेही लिहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी मात्र ठणठणीत, असा नकाशा असेल तर दोष मनगटातल्या मधल्या नसेचा. करंगळीही बधिर असेल तर शोध कोपराकडे किंवा मानेकडे घ्यावा लागतो. दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन वाशीच्या ईएसआय रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नस नीट चालते का ते बघणारी तपासणी मागा.

शाखेने नाही म्हटलं तर नकार लेखी मागा. वरच्या कार्यालयाकडे आणि पुढे कर्मचारी विमा न्यायालयात जायला तोच कागद लागतो. लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही (कलम ७३), हेही लक्षात असू द्या.

वागळे इस्टेटमध्ये सात जणांच्या वर्कशॉपमध्ये दहा वर्षं डायकास्टिंगच्या (साच्यात ओतलेल्या धातूच्या) पार्टची बर, म्हणजे कडेला राहिलेली धार काढतो. कानस आणि पक्कड, दिवसभर. उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी अडकतं, दुसऱ्या हाताने सोडवावं लागतं, टक् असा आवाज येतो. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. पगार २२,०००, वय ४०. ईएसआय नाही. मालकाचा विमा आहे, पण विमावाले म्हणतात, हा अपघात नाही, आजार आहे. — किसननगर

दहापेक्षा कमी माणसं असल्याने ईएसआय नाही, म्हणजे तुमच्यासाठी १९२३ चा कायदा. (ईएसआय असता तर हा रस्ता बंद असता. ईएसआयचा विमेदार त्याच इजेसाठी मालकाकडून या कायद्याखाली भरपाई मागू शकत नाही. "कापतात तिकडूनही घेऊ आणि कोर्टातूनही घेऊ" असं सांगणारे एजंट भेटतात, त्यांना फी देऊ नका.)

विमावाल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बोटाच्या मुळाशी, तळहातात, बोट वाकवणारी दोरी ज्या कडीतून सरकते ती कडी जाड झाली आणि दोरीवर गाठ आली की बोट अडकतं. हे हळूहळू होतं आणि यादीत नाही. नुसतं "दहा वर्षं कानस मारली" एवढ्यावर दावा टिकणं अवघड आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. दोन गोष्टींनी वजन वाढतं. एक, ठरावीक दिवशीची इजा: पक्कड निसटून तळहाताला मार, पार्ट अडकून बोटाला हिसका. ती घडली असेल तर तारखेसह मांडा, घडली नसेल तर रचू नका. दुसरी, ताणाचा पुरावा. हृदयविकाराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं, की कामाचा ताण आणि दुखणं यांचा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो, नुसता कामावर होता म्हणून भागत नाही. हाताच्या बाबतीत हा पुरावा म्हणजे उत्पादनाची नोंद, पार्टचं वजन, ओव्हरटाइमच्या पगारपावत्या आणि त्याच बाकावर काम करून हात दुखलेल्या दुसऱ्या कामगाराची साक्ष. एखादी मोठी ऑर्डर आली, काम दुप्पट झालं आणि त्याच महिन्यात बोट अडकलं, असं असेल तर त्या महिन्याचे कागद आधी गोळा करा.

मालकाचे वकील साखर आणि थायरॉइडकडे बोट दाखवतील. मधुमेहात बोट अडकणं खरोखर जास्त दिसतं. म्हणून एचबीएवनसी आणि टीएसएच या दोन रक्ततपासण्या आपणच आधी करून ठेवा. नॉर्मल आल्या तर तो मुद्दा तिथेच मिटतो, वाढलेल्या निघाल्या तर निदान उपचार तरी सुरू होतो.

आता पैशांचं गणित, कारण पत्रांत पंचवीस लाखांपर्यंत आकडे येतात. पगार कितीही असो, हिशेबाला महिन्याला १५,००० पर्यंतच धरतात (३ जानेवारी २०२० ची अधिसूचना). कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. चाळिशीचा गुणक १८४.१७. म्हणजे ९,००० × १८४.१७ = १६,५७,५३०. अंशतः अपंगत्वाला यातला कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका भाग. डॉक्टरांनी ८ टक्के लिहिले तर १,३२,६०२ रुपये. आणि हे टक्के डॉक्टर मनाने लावू शकत नाहीत, पहिल्या अनुसूचीची पट्टी समोर ठेवून लावावे लागतात. त्या पट्टीवर अख्खा अंगठा तुटला तर ३० टक्के, अख्खं मधलं बोट गेलं तर १२. अडकणाऱ्या बोटाला ४० टक्क्यांचा दाखला आणलात तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येणार. शिवाय सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला वेगळा आणि कमाईची क्षमता किती घटली हा दाखला वेगळा. इथे दुसरा लागतो, आणि त्यात "कानस धरण्याची पकड", "पाळीभर काम करता येत नाही" असं कामाच्या भाषेत लिहिलेलं हवं.

या ऑपरेशननंतर बहुतेकांचं बोट सुटतं. मग कायमचं अपंगत्व उरतच नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा मागायचं ते बसून राहिलेल्या काळाचं आणि खर्चाचं. तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, तुमच्या बाबतीत ३,७५०. कामापासून दूर राहणं २८ दिवसांच्या आत संपलं तर पहिले तीन दिवस वगळतात, २८ किंवा जास्त झाले तर पहिल्या दिवसापासून. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही कलम ४(२-अ) खाली मिळतो, म्हणून मेडिकलच्या दुकानातली साध्या कागदावरची चिठ्ठी नको, बिल नंबर असलेली पावती घ्या.

क्रम असा ठेवा: आधी मालकाला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर जावंच लागतं. नाकारलं तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. जाताना जुने केसपेपर न्या, पण झेरॉक्स, मूळ नाही. पैसे आले नाहीत तर नुकसानभरपाई आयुक्तांकडे फॉर्म एफ मध्ये अर्ज, मुदत दोन वर्षं. जिथे इजा झाली किंवा तुम्ही जिथे राहता, त्या हद्दीत अर्ज चालतो. दोन्ही ठाण्यातच असल्याने तुम्हाला मुंबईला खेटे घालायला नकोत. देणं एक महिन्याहून जास्त रखडलं तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना रखडवलं तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. तडजोडीला बसाल तेव्हा मालकाला हे माहीत असलेलं बरं.

घरी ब्लाउज शिवते, कात्रीने अंगठा आणि मनगट धरलं आहे. बँकेत वर्षाला २० रुपयांचा सरकारी विमा कापतात. त्यातून काही मिळेल का? — कळवा

नाही. तो विमा अपघाती मृत्यू आणि अपघाताने हात, पाय, डोळा गमावण्यासाठी आहे. कात्री बदला: जड लोखंडी कात्रीऐवजी स्प्रिंगची घ्या आणि दर आठवड्याला धार लावून घ्या. बोथट कात्रीला अंगठ्याने जास्त दाबावं लागतं, दुखणं तिथूनच येतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर जोराची कळ आली तर घरगुती लेप थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये डेटाचं काम करतो, पगार ६२,०००. दोन्ही हातांना कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं), डावा जास्त. एचआर म्हणतं, चांगली खुर्ची देऊ. नुकसानभरपाईचा दावा करावा का? — घोडबंदर रोड

दाव्याच्या आधी डाव्या हाताचा विचार करा. तुमचा माउस उजवीकडे असणार, मग डावा जास्त का? घोडबंदरहून ऐरोलीला बाइकने जात असाल तर रोजच्या कोंडीत क्लच दाबणारा हात डावा. समोरचा डॉक्टर हे पहिल्या पाच मिनिटांत विचारेल. महिनाभर बसने किंवा ट्रेनने जाऊन बघा आणि फरक लिहून ठेवा.

ईएसआयची पगारमर्यादा २१,००० असल्याने तो रस्ता तुम्हाला नाही. (मर्यादेच्या काठावरच्यांसाठी: जूनमध्ये पगारवाढ होऊन २१,००० ओलांडले तरी संरक्षण ३० सप्टेंबरपर्यंत राहतं, कारण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो. वाढ झाली म्हणून त्या दिवसापासून कार्ड बंद, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.) भरपाई कायद्यातून "कारकुनी काम वगळून" हे शब्द २००९ च्या दुरुस्तीने निघाले, पण तुमचं काम दुसऱ्या अनुसूचीच्या (हा कायदा लागू असलेल्या कामांच्या यादीच्या) कुठल्या कलमात बसतं हा वाद राहतोच, आणि आजारांच्या यादीत नाव नसल्याची अडचण आहेच. कंपनीच्या अपघात विम्यातही हे बसत नाही. तिथे अपघात म्हणजे अचानक, बाहेरून, दिसेल अशा जोराने झालेली घटना. ग्रुप मेडिक्लेममध्ये मात्र नस मोकळी करण्याचं ऑपरेशन बसू शकतं. पॉलिसीची प्रत मागवा आणि प्रतीक्षा काळाचं कलम वाचा.

आमच्या मते दाव्यापेक्षा ईमेलचा उपयोग जास्त होईल. निदानाचा कागद जोडून एचआरला लिहा: माउसचे तास कमी, कीबोर्ड कोपराच्या उंचीवर, दर तासाला पाच मिनिटं हात मोकळे, तीन महिन्यांनी आढावा. "खुर्ची द्या" असं लिहू नका. मनगट वाकडं राहतं ते टेबल उंच असल्याने, खुर्ची बदलून ते सरळ होत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे नेमाने बांधा. दिवसा बांधून टायपिंग करणारे बरेच आहेत, त्यात मनगट पट्ट्याशीच झगडत राहतं.

पत्नी तुर्भ्याच्या गोदामात कंत्राटदाराकडे टेप लावायला, लेबल चिकटवायला होती. हात गेला. ईएसआय कधी कापलंच नाही. आता कंत्राटदार २०,००० देतो आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "यापुढे कोणतीही मागणी नाही" अशी सही मागतो. करावी का? — कोपरखैरणे

सही थांबवा, पण कंत्राटदाराशी बोलणं तोडू नका. पगार २१,००० च्या आत आणि माणसं दहा किंवा जास्त असतील, तर ईएसआय कापायलाच हवं होतं. वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे गोदामवाल्या कंपनीवर असते, ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करते. ईएसआय शाखेत लेखी तक्रार द्या. सोबत गेटपास, हजेरीचे व्हॉट्सॲप मेसेज, पगार जमा झालेलं पासबुक जोडा. पगार रोखीने मिळत असेल तर गेटपास जपून ठेवा, तोच मुख्य पुरावा.

ईएसआय लागू नसेल तर १९२३ च्या कायद्यात कलम १२ आहे: भरपाई कंत्राटदाराऐवजी थेट मुख्य मालकाकडे मागता येते. हक्क सोडून देण्याचा करार कलम १७ नुसार चालत नाही, मग स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा. आणखी एक तरतूद बऱ्याच कंत्राटदारांना ठाऊक नसते. स्त्री कामगाराची एकरकमी भरपाई थेट तिच्या हातात देऊन मालक मोकळा होत नाही, ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते (कलम ८). दोन्ही बाजूंना तडजोड मान्य असेल तर तिचा करारनामा आयुक्तांकडे नोंदवायचा (कलम २८). कंत्राटदाराला एवढंच म्हणा, "पैसे चालतील, पण आयुक्तांकडे भरा." खरा असेल तर भरेल.

वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना आधार कार्ड, सगळे केसपेपर, गेटपास आणि त्या स्टॅम्प पेपरच्या मसुद्याचा मोबाइलवरचा फोटो न्या. मसुदा परत करायच्या आधी फोटो काढा.